दुपारची वीज वेगळी, रात्रीची वेगळी : भारताच्या ऊर्जेचं गणित सोप्या भाषेत

आपल्या देशात वीज पुरेशी आहे का, असं 2008 साली कुणी विचारलं असतं तर ग्रामीण महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरानंही विचार न करता उत्तर दिलं असतं. तेव्हा बारा-बारा तास लाईट नसायची, पेपरात लोडशेडिंगचं टाइमटेबल छापून यायचं, पिठाची गिरणी कधी चालू होणार हे त्या टाइमटेबलवर ठरायचं. 2007-08 मध्ये देशाला वर्षभरात जेवढी वीज हवी होती त्यातली जवळजवळ 10 टक्के मिळतच नव्हती, आणि ऐन पीकच्या वेळेला, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा, तर तूट 16 टक्क्यांच्या वर जायची. आता बघा, 2024-25 मध्ये वर्षभराची तूट सरकारी हिशोबात 0.1 टक्क्यावर आली आहे.

मग प्रश्न सुटला का? मला वाटतं प्रश्न बदलला. पूर्वी "वीज किती" हे विचारायचो, आता "किती वाजता" हे विचारावं लागतं, आणि हे एकदा नीट कळलं की शेतीपंपाला रात्री लाईट का मिळते, स्मार्ट मीटर का बसतायत, सोलर एवढं वाढूनही कोळसा का कमी होत नाही, सह्याद्रीत डोंगरावर पाणी चढवायचे प्रकल्प का येतायत, या सगळ्या बातम्यांचा एकमेकींशी संबंध लागायला लागतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. बातम्यांमध्ये मेगावॅट आणि युनिट हे दोन शब्द येतात आणि लोक ते एकच समजतात. मेगावॅट म्हणजे या क्षणाला किती वीज तयार होतेय किंवा होऊ शकते, आणि युनिट म्हणजे ठरावीक वेळ चालून एकूण किती तयार झाली. हजार वॅटचा गिझर एक तास चालला की एक युनिट. एवढंच.

हा फरक न कळल्यामुळे केवढा घोळ होतो त्याचं ताजं उदाहरण देतो. 2025 च्या जुलैमध्ये भारतानं जाहीर केलं की देशातली निम्मी वीजनिर्मिती क्षमता आता कोळसा, गॅस, डिझेल सोडून इतर गोष्टींवर आहे, म्हणजे सोलर, वारा, पाणी, अणु. बातमी शंभर टक्के खरी आहे आणि अभिमानाची आहे, कारण पॅरिस हवामान कराराखाली हे आपण 2030 पर्यंत करू म्हटलं होतं आणि पाच वर्षं आधी केलं. पण लगेच फॉरवर्ड फिरायला लागले की भारताची निम्मी वीज आता ग्रीन झाली. तसं नाही. क्षमता निम्मी आहे, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांपैकी अजूनही साधारण 70 ते 75 टक्के कोळशातून येतात. कारण सोलरचं पॅनेल रात्री काहीच देत नाही, सकाळी आणि संध्याकाळी थोडंच देतं, ढग आले की कमी देतं, आणि कोळशाचा संच, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, मात्र चोवीस तास चालवता येतो. त्यामुळे 100 मेगावॅट सोलर आणि 100 मेगावॅट कोळसा यांची वर्षभराची युनिटं काढली तर फार वेगळी येतात.

आता मागणीकडे बघू, कारण सगळ्याची सुरुवात तिथून आहे. 2014-15 मध्ये देशात साधारण 1,100 अब्ज युनिट वीज तयार व्हायची, 2024-25 मध्ये हा आकडा 1,800 अब्जच्या पुढे गेला. दहा वर्षांत एवढी वाढ, आणि तरी आपला दरडोई वापर वर्षाला 1,400 युनिटच्या आसपास आहे, जगाची सरासरी याच्या अडीच पट तरी भरते. म्हणजे आपण जास्त वीज वापरतो असं कुणी म्हटलं तर ते एकूण आकड्यावर खरं आहे, माणशी बघितलं तर अजिबात नाही. कोट्यवधी घरांत मीटर तर बसलं आहे पण मीटरच्या पलीकडे दोन एलईडी, एक पंखा, एक टीव्ही आणि मोबाईलचं चार्जर एवढंच असतं.

मीटर बसणं ही सुद्धा छोटी गोष्ट नव्हती. 28 एप्रिल 2018 ला मणिपूरमधलं लेइसांग गाव ग्रिडला, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलं गेलं आणि देशातलं शेवटचं गाव विजेला जोडलं असं सरकारनं जाहीर केलं. पण तेव्हाच्या व्याख्येत गावातल्या 10 टक्के घरांत वीज आली की गाव "विद्युतीकृत" धरलं जायचं, म्हणून घराघरात कनेक्शन देण्यासाठी सौभाग्य योजना 2017 मध्ये सुरू झाली होती आणि तिच्यात अडीच कोटींच्या वर घरं जोडली गेली. एवढी घरं ग्रिडवर आली तरी घरच्या दिव्यांचा भार फार फुगला नाही, यात एलईडीचा वाटा आहे असं मला वाटतं. उजाला योजनेत सरकारनं कोट्यवधी बल्ब एकगठ्ठा खरेदी केले, खरेदीचा भाव 300 रुपयांवरून काही वर्षांत 40 च्या आत आला आणि 60 वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी 9 वॅटचा बल्ब लागला. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा ऊर्जेच्या क्षेत्रातला सगळ्यात कमी कौतुक झालेला निर्णय आहे.

पण एलईडीनं जे वाचवलं ते एसी खाणार आहे. आज दहातल्या एका घरात जेमतेम एसी असेल, आणि उन्हाळा तर दरवर्षी वाढतोच आहे, विदर्भातल्या माणसाला एसी ही चैन आहे असं सांगायची माझी तरी हिंमत नाही. लोक एसी घेणार आणि घ्यायलाच पाहिजेत. 30 मे 2024 ला देशाची मागणी 2 लाख 50 हजार मेगावॅटवर गेली, तोवरचा सगळ्यात मोठा विक्रम, आणि तो विक्रम उष्णतेच्या लाटेमुळे झाला.

त्या दिवशी ग्रिड पडलं नाही कारण विक्रम दुपारी झाला. दुपारी सोलर जोरात असतं. खरी धाकधूक त्यानंतर असते, सूर्य मावळल्यावर, कारण एसी रात्रीही चालूच असतो आणि सोलर मात्र शून्यावर आलेलं असतं. 2014 मध्ये देशात सोलर 3 हजार मेगावॅटसुद्धा नव्हतं, मार्च 2025 मध्ये ते 1 लाख 5 हजारांच्या पुढे गेलं. आता ही सगळी वीज संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान ओसरते, काही तासांत 60 हजार मेगावॅटच्या वर वीज ग्रिडमधून निघून जाते, आणि नेमकं त्याच वेळेला घराघरात लाईट, टीव्ही, मिक्सर, मोटर, एसी चालू होत असतात. तेवढीच वीज दुसरीकडून तेवढ्याच वेगानं आणावी लागते, कारण ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही, ज्या क्षणी वापरली त्याच क्षणी तयार व्हावी लागते.

हे किती नाजूक काम आहे ते समजायला 5 एप्रिल 2020 ची रात्र आठवा. लॉकडाऊनमध्ये पंतप्रधानांनी रात्री 9 वाजता 9 मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायला सांगितल्या होत्या. आपल्यासाठी ती नऊ मिनिटं होती, पण ग्रिड सांभाळणाऱ्यांना झोप नव्हती, कारण आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला विजेची किती आवर्तनं होतात ते) 50 हर्ट्झ ठेवावी लागते, निर्मितीपेक्षा वापर जास्त झाला की ती घसरते आणि वापर एकदम कमी झाला की चढते, फार चढली किंवा घसरली की संच आपोआप ट्रिप व्हायला लागतात आणि एकामागोमाग सगळं बंद पडतं. अंदाज होता 12-13 हजार मेगावॅट मागणी कमी होईल. प्रत्यक्षात 31 हजार मेगावॅट कमी झाली, अंदाजाच्या दुप्पट-अडीचपट, आणि नऊ मिनिटांनी तेवढीच परत आली. तरी कुठेही अंधार झाला नाही. कसं? आधीच कोळशाचे संच थोडे खाली आणून त्या जागी धरणांवरचे संच चढवून ठेवले होते, नऊला ते भराभर उतरवले आणि नंतर भराभर चढवले. पाण्याचा संच मिनिटांत वरखाली होतो. कोळशाचा होत नाही, तो गुऱ्हाळाच्या चुलवाणासारखा असतो, एकदा पेटला की पेटता ठेवावा लागतो आणि विझवला तर पुन्हा कढ आणायला तास न् तास जातात.

इथे आपली कोयना आठवते. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट आहे, पण ती चोवीस तास चालवली जात नाही, चालवता येतच नाही, कारण कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून ते पाणी जपून, पीकच्या वेळेलाच वापरायचं असं ठरलं. कोयनेची खरी किंमत तिच्या युनिटांत मोजायची नसते, तिच्या वेळेत मोजायची असते. सकाळ-संध्याकाळ हवी तेव्हा हजार-दीड हजार मेगावॅट हाताशी असणं ही गोष्ट आज पूर्वीपेक्षाही महाग झाली आहे.

ग्रिडचा विषय निघालाच आहे तर सोलापूरचंही नाव घ्यायला हवं. 30 आणि 31 जुलै 2012 ला सलग दोन दिवस उत्तर भारतातलं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही गेला, साठ कोटींच्या आसपास लोक ज्या भागात राहतात तो भाग अंधारात होता. तेव्हा दक्षिण भारताचं ग्रिड बाकीच्या देशाशी पूर्ण जोडलेलंच नव्हतं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन चालू झाली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. आज दुपारी राजस्थानातली सोलर वीज किंवा रात्री तमिळनाडूतली वाऱ्याची वीज जिथे लागते तिथे पाठवता येते ती अशा लाईनींमुळे. लोक पॅनेलचे फोटो शेअर करतात, टॉवरलाईनचे कुणी करत नाही, पण टॉवरलाईन कमी पडल्या म्हणूनच आज राजस्थानात काही सोलर प्रकल्पांना भर दुपारी वीज कमी करा असं सांगावं लागतं. तयार होऊ शकणारी वीज वाया जाते आणि त्याच दिवशी रात्री दुसरीकडे महागडी वीज विकत घ्यावी लागते.

आता शेतीपंपाकडे येऊ, कारण महाराष्ट्रात हा विषय सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे आणि "किती वाजता" हा प्रश्न शेतकऱ्याइतका कुणीच भोगलेला नाही. राज्यात 45 लाखांच्या वर शेतीपंप आहेत. गावठाणाचा फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाईन, वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीला थ्री फेज लाईट आठ-दहा तास, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, असं वर्षानुवर्षं चालत आलं. हे असं का केलं? कारण जुन्या कोळशाच्या व्यवस्थेत रात्री बारानंतर कारखाने, दुकानं, ऑफिसं बंद, संच तर विझवता येत नाही, मग ती वीज शेतीकडे ढकलली. ग्रिडच्या दृष्टीनं बरोबर होतं. पण त्याची किंमत कुणी दिली, तर रात्री दोन वाजता थंडीत बॅटरी घेऊन उसात बारं द्यायला गेलेल्या माणसानं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्या आहे, इतरत्र साप-विंचू आहे. हा त्रास बातमीत एका ओळीत येतो, तो माणूस मात्र पंचवीस-तीस वर्षं तेच करतोय.

आणि रात्रीच्या लाईटीला घाबरून किंवा कंटाळून लोकांनी मोटरला ऑटोस्विच बसवले. लाईट आली की मोटर आपोआप चालू. मग होतं काय, तर फिडरवर सप्लाय आला की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) वीस-पंचवीस मोटरी एकाच क्षणी उठतात, मोटर चालू होताना नेहमीपेक्षा पाच-सहा पट करंट ओढते, सगळ्यांनी एकदम ओढला की डीपीचं तेल तापतं, फ्यूज उडतात, नाहीतर डीपीच जळतो. मग वर्गणी काढा, ट्रॅक्टर बघा, डीपी उतरवा, नवीन येईपर्यंत पीक करपतं. कपॅसिटर लावा, ऑटोस्विच काढा असं सांगितलं जातं आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, पण रात्री उठायला लागू नये म्हणून बसवलेली वस्तू माणूस काढेल कशी? दिवसा लाईट द्या, ऑटोस्विचची गरजच कमी होईल.

सोलरनं इथे खरोखर चांगली संधी आणली आहे. दुपारी वीज जास्त आहे, शेतीपंपाला दिवसा हवी आहे, आणि पिकाला पाणी दहाला दिलं काय किंवा दोनला दिलं काय फरक पडत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत काही मेगावॅटचा सोलर प्रकल्प उभा करायचा आणि त्याच उपकेंद्रावरचे शेतीचे फिडर त्यावर चालवायचे. वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते, लांबून आणायची नाही त्यामुळे गळती कमी, आणि रात्रीचा भार ग्रिडवरून उतरतो. 2017 ला सुरुवात झाली, वेग आला तो 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात. मी या योजनेच्या पूर्ण बाजूनं आहे. फक्त एक काळजी बोलून दाखवतो, दिवसा भरपूर आणि साडेसात एचपीपर्यंत मोफत वीज मिळायला लागल्यावर बोअरचं पाणी किती उपसलं जाणार याचा हिशोब कुठल्याच वीज योजनेत धरलेला नसतो, तो धरायला पाहिजे, नाहीतर लाईट आहे आणि पाणी नाही अशी गत होईल.

दुपारचं जास्तीचं रात्रीपर्यंत न्यायचं कसं, हा आता सगळ्यात मोठा धंदा होणार आहे. दोन मार्ग आहेत. एक बॅटरी. 2022 मध्ये ग्रिडला लावायच्या बॅटरीसाठी जे भाव निघाले होते त्याच्या चौथ्या हिश्श्याच्याही खाली आता बोली लागायला लागल्या आहेत, त्यामुळे नवीन सोलरच्या टेंडरमध्ये आता बॅटरीही मागतात. दुसरा मार्ग म्हणजे पाणी वर चढवून ठेवणं, ज्याला पंप्ड स्टोरेज म्हणतात. दुपारी स्वस्त विजेवर खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची. चढवायला 100 युनिट लागली तर परत 75-80 मिळतात, पण संध्याकाळचं युनिट दुपारच्या युनिटपेक्षा इतकं महाग असतं की ते परवडतं. आपल्याकडे हे नवीन नाही, अकोले तालुक्यातल्या घाटघरला 250 मेगावॅटचा असा प्रकल्प 2008 पासून आहे. गंमत म्हणजे तेव्हा हिशोब उलटा होता, रात्री वीज जास्तीची असायची म्हणून रात्री पाणी चढवायचं. पंधरा-सोळा वर्षांत दिवसाची आणि रात्रीची जागा बदलली. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांमुळे आणखी बरेच प्रकल्प जाहीर झालेत, त्यात डोंगर, जंगल आणि तिथली आदिवासी गावंही आहेत, त्यामुळे प्रत्येक जागा नीट तपासूनच व्हावी असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आपला वापरच दुपारकडे सरकवणं. विजेचा दर दुपारी कमी आणि संध्याकाळी जास्त ठेवायचे नियम केंद्रानं 2023 मध्ये केले. स्मार्ट मीटर कशाला, असा जो प्रश्न सगळीकडे विचारला जातो त्याचं एक उत्तर हे आहे, जुन्या मीटरला तुम्ही युनिट किती वाजता वापरलं ते कळत नाही. मीटरबद्दल लोकांच्या शंका आहेत, बिलाच्या तक्रारी आहेत, त्या ऐकल्याच पाहिजेत. पण वॉशिंग मशीन, गिझर, पाण्याची मोटर या गोष्टी दुपारी चालवल्या तर स्वस्त पडायला हव्यात, हा विचार चुकीचा नाही.

इथपर्यंत सगळं विजेचं बोललो. पण वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे, देशात शेवटी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा पाचवा हिस्सा जेमतेम आहे. बाकी पेट्रोल, डिझेल, सिलिंडर, कारखान्यांच्या भट्ट्यांतला कोळसा आणि खेड्यातलं सरपण. आणि इथे चित्र बरंच काळजीचं आहे. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 87-88 टक्के आपण बाहेरून आणतो. 1974 मध्ये बॉम्बे हाय सापडलं तेव्हा केवढी आशा होती, आणि त्यानं देशाला खूप दिलंही, पण ते क्षेत्र आता जुनं झालं, देशातलं तेल उत्पादन 2011-12 नंतर कमी होत चाललंय आणि वापर वाढतच चाललाय. सिलिंडरच्या गॅसपैकीही 60 टक्क्यांच्या आसपास आयात आहे. उज्ज्वला योजनेत 2016 पासून 10 कोटींच्या वर कनेक्शन दिली गेली, बायकांच्या डोळ्यातला आणि छातीतला धूर कमी झाला ही फार मोठी गोष्ट, पण उज्ज्वलाचं घर वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडरच भरतं. म्हणजे सिलिंडर आहे आणि चूलही आहे. चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. भाव खाली आल्याशिवाय हे बदलणार नाही.

तेलाचं आयात बिल कमी करायचं तर गाड्या विजेवर, स्वयंपाक इंडक्शनवर, रेल्वे विजेवर. रेल्वेनं ब्रॉडगेजचं जवळपास सगळं जाळं विजेवर आणलंसुद्धा. पण संध्याकाळी साडेसातला करोडो घरांनी इंडक्शन लावला आणि ऑफिसातून येऊन स्कूटर चार्जिंगला लावली तर तो सगळा भार नेमका त्याच वेळेवर येऊन पडतो जेव्हा सोलर नसतं. तेलाचा प्रश्न सोडवायला गेलं की तो विजेच्या संध्याकाळच्या प्रश्नात येऊन मिळतो.

आणि तोवर संध्याकाळ कोण सांभाळतंय तर कोळसा. एप्रिल 2022 च्या शेवटी कडक उन्हात मागणी चढली, प्लँटांकडे कोळशाचा साठा नव्हता, तेव्हा कोळशाच्या मालगाड्यांना रस्ता मोकळा करायला रेल्वेनं पॅसेंजर गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या होत्या. त्यानंतर खाणकाम वाढवलं, 2024-25 मध्ये देशानं पहिल्यांदा एका वर्षात 100 कोटी टनांच्या वर कोळसा काढला. नुसता कोळसा असूनही भागत नाही, पाणीही लागतं. 2015 च्या दुष्काळात परळीचं वीज केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं.

आता या संचांना दुपारी निम्म्यावर या आणि रात्री पूर्ण चढा असं सांगितलं जातं. ते त्यासाठी बनवलेले नाहीत. रोज तापणं-थंडावणं झालं की बॉयलरच्या नळ्या लवकर थकतात, दुरुस्ती वाढते, प्रति युनिट कोळसा जास्त जळतो. चंद्रपूरचं केंद्र 2,920 मेगावॅटचं, देशातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक, तिथल्या लोकांनी आख्ख्या राज्याच्या लाईटीसाठी चाळीस वर्षं राख आणि धूळ खाल्ली आहे. कोराडीत 660 मेगावॅटच्या आणखी दोन संचांचा प्रस्ताव आला तेव्हा नागपुरातून विरोध झाला, आणि तो रास्त होता असं मला वाटतं. पण ते संच लागणारच नाहीत असं छातीठोक म्हणायचं असेल तर सूर्य मावळल्यावरचे चार-पाच तास कशावर चालवणार ते दाखवावं लागेल. 2030 पर्यंत कोळसा, गॅस, डिझेल सोडून 5 लाख मेगावॅट क्षमता उभी करायचं देशाचं उद्दिष्ट आहे आणि दर महिन्याला त्याचे आकडे छापून येतात. मी त्या आकड्यांसोबत बॅटरी आणि पंप्ड स्टोरेज किती चालू झालं तेही शोधतो. चंद्रपूर-कोराडीचं पुढे काय होणार ते त्या दुसऱ्या आकड्यावर ठरणार आहे.